अपशिंग्याचे शेहेचाळीस वीर

सातारा, रत्नागिरी आणि पूर्वीचा कुलाबा या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून हिंडताना चावडीच्या भिंतीत, शाळेच्या ओसरीवर, क्वचित ग्रामदैवताच्या देवळाशेजारी चिऱ्यांत बसवलेली एक लहानशी संगमरवरी पाटी पुष्कळदा दृष्टीस पडते. वर्षानुवर्षांच्या चुन्याच्या हातांनी तिची अक्षरे बुजत आलेली असतात, आणि तिच्याखालच्या सावलीत बसणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी तिच्याकडे मान वर करून पाहतो. पहिले महायुद्ध संपल्यावर इंग्रज सरकारने गावोगावी बसवण्यासाठी या पाट्या जणू एकाच साच्यातून काढल्या. मजकूरही ठरीव आणि तुटक असे: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतके इसम गेले, त्यांपैकी इतक्यांनी आपले प्राण अर्पण केले. कारागिराने गावागणिक बदलायचे ते दोन आकडे तेवढे. कोण गेला, कोणाचा मुलगा होता, कोणत्या पलटणीत होता आणि कोणत्या मुलखात पडला, यांपैकी एकही गोष्ट पाटी सांगत नाही.

असल्या आकड्यांत अत्यंत भारी असा एक आकडा सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावाच्या वाट्यास आला. घरटी एक तरी माणूस फौजेत, अशी या गावाची ख्याती पिढ्यान्‌पिढ्यांची असून, त्यामुळेच त्याचे नाव ‘अपशिंगे मिलिटरी’ असे सरकारदरबारी आणि लोकांच्या तोंडी रूढ झाले. पहिल्या महायुद्धात या एकाच गावचे ४६ जण कामास आले. लहानशा खेड्यातून शेहेचाळीस कर्ते पुरुष नाहीसे होणे म्हणजे काय, हे ज्याने खेडे पाहिले आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. तितकी औते अडतात, तितक्या चुलींपुढचा पाट रिकामा राहतो, आणि पाणवठ्यावर पांढऱ्या कपाळाच्या बायका इतक्या दिसू लागतात की वाटसरूने विचारावे, या गावात कोणती साथ येऊन गेली. त्या ४६ जणांचे स्मारक गावात उभे आहे, आणि आजही भरती होऊन निघालेला मुलगा त्याच्यापुढे मस्तक नमवून पलटणीची वाट धरतो.

ही माणसे गेली कशी, हा प्रश्न आपल्याकडच्या इतिहासलेखकांनी फारसा मनावर घेतलेला नाही. जे साम्राज्य आपले नव्हते त्याच्या लढाईत पडलेल्यांना कोणत्या वर्गात बसवावे, या संकोचापायी राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासाने त्यांना टाळले. पलटणींच्या इतिहासांनी साहेबांच्या नावांपुढे त्यांची दखल मोघम घेतली. या दोन्ही दप्तरांबाहेर राहिलेला शिपाई मात्र अगदी साध्या कारणांनी घराबाहेर पडला होता. सह्याद्रीच्या उतारावरची जमीन वरकस. पावसावर नाचणी-वरी पिकली तर पिकली, आणि भावाभावांत वाटण्या होत होत एकेकाच्या वाट्याला आलेले वावर बैलजोडी पोसण्याइतकेही उरले नव्हते. अशा घराला दरमहा ११ रुपये रोख आणणारी शिपाईगिरी हा मोठाच आधार होता. त्यातच आजा पलटणीत, चुलता पलटणीत, हा घराण्याचा शिरस्ता. कंबरेला पट्टा बांधून रजेवर आलेल्या सुभेदाराला चावडीवर मिळणारा मान. आणि युद्ध लांबत गेले तसा मामलेदार कचेरीतून पाटील-कुलकर्ण्यांवर येणारा भरतीचा तगादा. स्वखुशी आणि सक्ती यांच्यामधली सीमारेषा त्या काळी फार पुसट होती.

वरच्या थरातील पुढाऱ्यांची भूमिकाही एकेरी नव्हती. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी भरतीला मनापासून साह्य केले. मंडालेहून १९१४ च्या जूनमध्ये सुटून आलेल्या लोकमान्य टिळकांनीही लष्करात शिरण्याचा उपदेश तरुणांना केला. मात्र हिंदी माणसाला शिपाईगिरीबरोबर अधिकाराची जागा आणि देशाला स्वराज्य मिळाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९१८ च्या १० जूनला मुंबईत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी भरविलेल्या युद्धपरिषदेत हाच मुद्दा मांडू लागताच त्यांना मध्येच थांबवण्यात आले, आणि ते सभात्याग करून निघून गेले. ज्यांच्या मुलुखातून माणसे मागायची त्यांचे दोन शब्द ऐकून घेण्याची मात्र तयारी नाही, अशी ही वृत्ती होती, आणि पुढे स्मारके बांधतानाही तीच प्रकट झाली असे माझे मत आहे.

या भरतीची आणखी एक बाजू सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. कंपनीच्या मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या महार समाजाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, लढाऊ आणि बिगरलढाऊ जातींचे नवे शास्त्र काढून, पलटणीचे दार बंद करण्यात आले होते. ते उघडावे म्हणून गोपाळबुवा वलंगकरांनी आणि त्यांच्यामागून शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जविनंत्या केल्या, पण सरकारला पाझर फुटला नाही. युद्धाने माणसांचा दुष्काळ पाडला तेव्हा १९१७ साली तेच सरकार दारात आले आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ साली गरज सरताच ती मोडण्यातही आली. गावच्या पाटीवर नावे नाहीत याचा एक परिणाम असा झाला की मराठा, महार, मुसलमान, रामोशी अशी कोणतीही वर्गवारी तिथे नाही. चावडीच्या पायरीवर ज्यांना एकत्र बसता येत नसे, ते त्याच चावडीच्या भिंतीवर एका आकड्यात एकत्र आले.

मराठी शिपायाच्या दृष्टीने ही लढाई मुख्यतः बसऱ्याकडची. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरताच इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या अबादानच्या तेलाच्या रक्षणासाठी इंग्रजांनी जी फौज पाठवली, ती पुण्याच्या नावाची ६ वी डिव्हिजन. तिचे पहिले सैन्य १९१४ च्या ६ नोव्हेंबरला फाओ येथे किनाऱ्यास लागले आणि त्याच महिन्यात बसरा हाती आले. या डिव्हिजनीत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. डोंगरदऱ्यांत वाढलेल्या या माणसांसमोर जो मुलूख पसरला त्यात दगड नावाला सापडत नव्हता. उन्हाळ्यात लोखंडाला हात लावू न देणारी उष्णता, हिवाळ्यात हाडे गोठवणारा वारा, आणि वसंतात बर्फ वितळून फुगलेल्या तैग्रिस व युफ्रेटिस नद्यांनी कोसच्या कोस केलेला चिखल. १९१५ च्या मे महिन्याच्या अखेरीस कुर्ना येथील तुर्की ठाण्यांवर चालून जाण्यासाठी १७ व्या ब्रिगेडच्या शिपायांना ‘बेलम’ नावाच्या अरबी होड्या वल्हवायला शिकवण्यात आले, आणि वेताच्या बेटांतून, गळ्याइतक्या पाण्यातून होड्या पुढे सारीत त्यांनी ती ठाणी घेतली. १०३ वी मराठा पलटण याच ब्रिगेडची.

मग विजयाची चटक लागली. ३ जूनला अमारा पडले, २८ सप्टेंबरला कुत-अल-अमारा घेतले, आणि बगदाद आता हाताच्या अंतरावर आहे असे दिल्ली-सिमल्याच्या खलबतखान्यांत आणि लंडनच्या मंत्रिमंडळात सर्वांना वाटू लागले. रसदीच्या आगबोटी अपुऱ्या होत्या, जखमींना न्यायला धड साधने नव्हती, औषधांचा तुटवडा होता. सेनापती टाउनशेंडने स्वतःच आगेकूच करण्याविषयी शंका व्यक्त केली होती. तरीही हुकूम निघाला. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे, प्राचीन इराणी बादशहांच्या राजवाड्याची ती अवाढव्य कमान जिथे एकाकी उभी आहे त्या मैदानात, तुर्की खंदकांवर हल्ला झाला. पहिली खंदकांची रांग घेतलीही. पण तीन दिवसांत साडेचार हजारांवर माणसे मेली अथवा जायबंदी झाली, आणि फौजेला मागे फिरण्यावाचून गत्यंतर उरले नाही. बिनस्प्रिंगच्या गाड्यांवर एकमेकांवर रचलेल्या जखमींना घेऊन, रात्रंदिवस चालत, ती ३ डिसेंबरला कुतला परतली. मराठी शिपायाने तोपर्यंत पुष्कळ लढाया जिंकल्या होत्या. आता त्याला वेढ्यात बसायचे होते.

तैग्रिस नदी कुतपाशी मोठे वळण घेते आणि त्या वळणाच्या कवेत गाव वसले आहे. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला खंदक. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा आवळला. २४ डिसेंबरला उत्तरेकडच्या मातीच्या गढीवर त्यांनी निकराचा हल्ला केला, तटाला खिंडारे पाडून ते आतही घुसले, आणि १७ व्या ब्रिगेडच्या पलटणींनी हातघाईच्या लढाईत त्यांना पुन्हा बाहेर रेटले. त्यानंतर शत्रूने हल्ल्याचा नाद सोडला आणि भुकेवर भरवसा ठेवला. जानेवारीपासून धान्य मोजून मिळू लागले. पुढे खेचरे आणि घोडी कापण्याची पाळी आली, तेव्हा हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी ते मांस तोंडाला लावण्याचे नाकारले. परत गेल्यावर जात वाळीत टाकील, पोरींची लग्ने अडतील, ही त्यांची धास्ती खोटी नव्हती. धर्मगुरूंच्या अनुज्ञा बिनतारी संदेशाने मागवल्या गेल्या, पण कागदावरची अनुज्ञा आणि गावची पंगत यांतले अंतर शिपाई ओळखून होता. मूठभर जवाच्या पिठावर दिवस काढता काढता हिरड्या सडल्या, पाय सुजले, आणि शेवटी एप्रिलमध्ये बहुतेकांनी नाइलाजाने ते मांस खाल्ले.

बाहेरून सुटकेचे प्रयत्न कमी झाले नाहीत. शेख साद, हन्ना, दुजैला, सन्नैयात या ठिकाणी कुत सोडवण्यासाठी लढलेल्या फौजेची सुमारे २३,००० माणसे कामास आली किंवा घायाळ झाली; म्हणजे आत अडकलेल्यांहून त्यांना सोडवायला गेलेले अधिक संख्येने बळी पडले. विमानांतून धान्याची पोती टाकण्यात आली. वेढ्यातल्या फौजेला आकाशमार्गे रसद पोहोचवण्याचा इतिहासातला हा पहिलाच उद्योग; पण कित्येक पोती नदीत आणि कित्येक शत्रूच्या खंदकांत पडत. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुल्नार’ नावाची आगबोट २७० टन धान्य भरून अंधारातून निघाली. तुर्कांनी नदीत आडव्या ताणलेल्या तारदोरात ती अडकली आणि धान्यासकट त्यांच्या हाती गेली. सुटकेच्या बदल्यात दहा लाख आणि मग वीस लाख पौंड देऊ करण्यापर्यंत इंग्रजांनी मजल मारली. तुर्कांनी ते धुडकावले. १९१६ च्या २९ एप्रिलला, जवळजवळ पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर, सुमारे १३,००० माणसांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यांत सैनिकांबरोबर भिस्ती, स्वयंपाकी, सईस असे बाजारबुणगेही होते, आणि इतिहासात त्यांना सहसा जागा मिळत नाही.

टाउनशेंड सेनापतीची व्यवस्था इस्तंबूलजवळच्या बेटावर सन्मानाने लागली. शिपायांना मात्र बगदाद, समारा, मोसूल असे उन्हातून पायी हाकलत रास-अल-ऐनच्या रेल्वेच्या कामावर नेले. अन्नपाण्यावाचून, अनवाणी, आमांशाने आणि तापाने वाटेतच किती पडले याचा नीट हिशेब कधी लागला नाही. मुंबईच्या तारघरातून गावच्या टपालात आलेल्या कागदावर ‘बेपत्ता’ एवढाच शब्द असे, आणि तो वाचून दाखवणाऱ्या शाळामास्तराला विचारीत, बेपत्ता म्हणजे जिवंत की मेला? अशा घरातल्या बाईने कुंकू पुसावे की लावावे, हे सांगणारा शास्त्रार्थ कोणापाशीही नव्हता.

पलटणी मात्र संपल्या नाहीत. गावातून पुन्हा माणसे गेली, त्या नव्याने उभ्या राहिल्या. ११ मार्च १९१७ ला बगदाद घेतले, आणि १९१८ च्या ऑक्टोबरअखेर शरकतच्या लढाईत ११४ व्या मराठा पलटणीने नाव मिळवले. ११७ व्या पलटणीला पुढे ‘रॉयल’ हा किताब बहाल झाला आणि १९२२ च्या फेररचनेत या सगळ्या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत एकत्र आल्या. जे परतले त्यांच्या स्वागताला पुष्कळदा घरात कोणी उरले नव्हते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे नेली होती.

आता स्मारकांचे पाहू. मृत सैनिकांची चिरंतन आठवण ठेवण्यासाठी १९१७ साली स्थापन झालेल्या साम्राज्याच्या युद्धसमाधी आयोगाने एक थोर तत्त्व आरंभीच जाहीर केले होते: दर्जा, वंश वा धर्म यांचा भेद न करता प्रत्येक मृताचे नाव स्वतंत्रपणे शिळेवर येईल. फ्रान्समध्ये हे तत्त्व पाळले गेले. नव्ह शापेल येथे १९२७ साली उघडलेल्या हिंदी स्मारकाच्या वर्तुळाकार भिंतीवर ४,७०० हून अधिक नावे कोरली आहेत. सुभेदाराचे आहे तसे भिस्त्याचेही आहे. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी त्याच गावावर चालून गेलेल्या खडकीच्या सफरमैना पलटणीच्या दोन कंपन्या तिथे जवळपास कापल्या गेल्या. त्या कंपन्यांत मराठी शिपाई होतेच, आणि पॅरिसहून तिथे जाणारा वाटसरू आजही त्यांची नावे बोट फिरवून वाचू शकतो.

बसऱ्याचे स्मारक १९२९ साली उघडले. मेसोपोटेमियात ज्यांची समाधी सापडली नाही अशा ४० हजारांहून अधिक मृतांसाठी ते आहे, आणि त्यांतले बहुसंख्य हिंदी. पण तिथल्या शिळांवर इंग्रज सैनिकांची नावे दर्जाचा भेद न करता कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली गेली, आणि हिंदी नाईक, हवालदार, शिपाई यांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली पुन्हा एक आकडा आला. अपशिंग्याच्या शेजारच्या गावातला एक भाऊ सफरमैनेत भरती होऊन फ्रान्समध्ये पडला असेल तर त्याचे नाव आहे. धाकटा मराठा पलटणीतून कुतच्या गढीत पडला असेल तर तो संख्येतला एक आहे. दोघांना जन्म देणारी आई एकच, सरकारही एकच. युरोपीय लोकांच्या नजरेसमोर जे तत्त्व पाळावेसे वाटले, ते वाळवंटात पाळण्याची आवश्यकता त्या सरकारला भासली नाही. हा न्याय नव्हे; त्याला पक्षपातच म्हटले पाहिजे. ९० हून अधिक वर्षांनी, २०२१ च्या एप्रिलात, त्याच आयोगाने नेमलेल्या समितीने हे मान्य केले, आणि आफ्रिका व आशियातील लक्षावधी मृतांच्या बाबतीत समतेचे वचन मोडले गेल्याची आयोगाने क्षमा मागितली. दरम्यान बसऱ्याचे स्मारक १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने मूळ जागेवरून हलवून शहरापासून ३२ किलोमीटरवर वाळवंटात पुन्हा उभारण्यात आले होते. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावे आहेत खरी, पण ती बहुतेक वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. कुतच्या मराठी शिपायाला ती कमान आपली म्हणता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ही चूक बऱ्याच अंशी टळली. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे इटलीत १० जुलै १९४४ रोजी आपली सगळी तुकडी पडल्यावर एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले आणि ते ठाणे जिंकून कोसळले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा देह सापडला नाही, परंतु कसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे, माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावे एक सूर्यघड्याळ उभारले. परक्या मुलखातल्या गावाने नावानिशी आठवण ठेवली.

म्हणून गावच्या पाटीविषयी एक विनंती करावीशी वाटते. बसऱ्याच्या शिळेवर नावे नसली तरी ती नष्ट झालेली नाहीत. आयोगाच्या नोंदवहीत शिपायाचे नाव, पलटण आणि मृत्यूची तारीख आहे. पुष्कळांच्या बाबतीत बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही नोंदलेला आहे, आणि ही नोंद आज कोणालाही घरबसल्या पाहता येते. इंग्रज कारकुनाने रोमन लिपीत लिहिताना गावांच्या नावांचे स्पेलिंग वाटेल तसे केले आहे हे खरे. पण आपल्या पंचक्रोशीतले गाव आणि आडनाव ओळखायला गावच्या माणसाला अडचण पडू नये. त्याला जोड द्यावी घरातल्या ट्रंकांत अजून जपलेल्या पदकांची, पेन्शनच्या कागदांची आणि म्हाताऱ्यांच्या आठवणींची; पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. शाळेतल्या शिक्षकाने चार मुले हाताशी घेऊन हे काम केले तर एका सुट्टीत गावची यादी तयार होईल. ती तयार झाल्यावर ग्रामपंचायतीने गावच्याच पाथरवटाकडून ती नावे त्या पाटीखाली कोरून घ्यावीत. पाटी लहान आहे. तिच्याखालची भिंत मोकळी आहे.